चित्रांनी भरलेलं चर्च कसं पाहावं? फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेलाच्या निमित्तानं

फ्लॉरेन्सच्या मुख्य रेल्वे स्टेशनचं नाव आहे सांता मारिया नोव्हेला. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे एका जुन्या चर्चची पाठ दिसते. बहुतेक प्रवासी तिच्याकडे न बघता, बॅगा ओढत ड्युओमोच्या, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलच्या, दिशेनं निघून जातात. स्टेशनला ज्याचं नाव दिलंय ते हेच चर्च. फ्लॉरेन्समध्ये एकच चर्च आतून पाहण्याइतका वेळ असेल तर कुठलं पाहावं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. उफिझी संग्रहालयात याहून प्रसिद्ध चित्रं आहेत, पण ती कुठून कुठून आणून तिथे टांगलेली आहेत. इथली बरीचशी चित्रं जिथे काढली गेली तिथेच आहेत. १२९० च्या सुमारापासून १५०२ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांत चित्रकला कशी बदलत गेली, ते इथे एकाच छपराखाली चालत चालत पाहता येतं.

अडचण एवढीच, की आत गेल्यावर कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. संतांची नावं ओळखीची नसतात, बायबलमधल्या गोष्टी अर्धवट माहीत असतात, आणि अर्ध्या तासात सगळ्या भिंती सारख्याच वाटायला लागतात. म्हणून मी एक साधी वाट सुचवतो. कुठल्याही चित्रासमोर उभे राहिलात की आधी हे विचारा : याचे पैसे कुणी दिले? याच्यासमोर कोण उभं राहणार होतं? आणि या जागेवर रोज काय चालायचं? चित्रकाराचं नाव, शैली, काळ हे सगळं नंतर आलं तरी चालतं. ही चित्रं कलारसिकांसाठी काढलेली नव्हती. ती वापरासाठी होती : प्रार्थनेसाठी, मेलेल्यांच्या आत्म्यासाठी, आणि घराण्याचं नाव राहावं म्हणून.

बाहेरूनच सुरुवात करू

हे चर्च डोमिनिकन पंथाच्या संन्याशांचं. १२२१ मध्ये त्यांना इथलं एक लहानसं जुनं चर्च मिळालं आणि १२७९ मध्ये त्यांनी आजच्या भव्य इमारतीचं काम सुरू केलं. प्रवचन करणं हे या पंथाचं मुख्य काम. म्हणून गर्दी मावेल, सगळ्यांना प्रवचन ऐकू येईल असं रुंद, मोकळं दालन त्यांना हवं होतं. बाहेरचं मोठं मैदानही त्याच कामाला यायचं.

समोरचा दर्शनी भाग पांढऱ्या आणि गडद हिरव्या संगमरवराचा आहे. खालचा भाग चौदाव्या शतकात झाला आणि मग काम रखडलं. वरचा भाग शंभर वर्षांनी लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती या वास्तुकारानं पूर्ण केला. त्याच्यापुढचा पेच अवघड होता. खालचं जुनं, टोकदार कमानींचं काम पाडायचं नाही, आणि वर मात्र प्राचीन रोमन देवळासारखी त्रिकोणी शिखरपट्टी हवी. शिवाय मधलं छप्पर उंच आणि बाजूची छपरं बुटकी, त्यामुळे दोन्ही बाजूंना उघड्या पायऱ्या दिसल्या असत्या. त्यानं तिथे दोन मोठी वळणदार पाती बसवली, त्यांवर बारीक जडावकाम केलं आणि मागची उतरती छपरं झाकून टाकली. ही युक्ती पुढे युरोपभर इतकी उचलली गेली, की आज ती कुणाची म्हणून विचारायचंही सुचत नाही. जमिनीपासून शिखरापर्यंतचा हा सगळा दर्शनी भाग एका चौरसात नेमका बसतो. वरचा मजला त्याच्या पाव आकाराच्या चौरसात बसतो. आकड्यांचं हे गणित डोळ्यांना समजत नाही, पण समोर उभं राहिल्यावर वाटणारं समाधान तिथूनच येतं.

पैसे कुणी दिले, याचं उत्तर इथे शोधावं लागत नाही. शिखरपट्टीच्या खाली मोठ्या रोमन अक्षरांत कोरलंय : पाओलोचा मुलगा जोव्हान्नी रुचेल्लाई, सन १४७०. रुचेल्लाई हे कापडाच्या धंद्यातलं घराणं. त्यांच्या मूळ श्रीमंतीचं कारण म्हणजे एक जांभळा रंग. आपण मसाल्यात दगडफूल घालतो, तेही लायकेनच; तशाच, खडकावर वाढणाऱ्या एका लायकेनपासून तो निघायचा. देवाच्या घरावर देवापेक्षा ठळक अक्षरांत सावकाराचं नाव पाहून आपल्याला चमकल्यासारखं होतं. त्या काळच्या माणसाला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. चर्च सगळ्या शहराचं होतं, आणि ज्यानं शहराला शोभा आणली त्याचं नाव शहरानं वाचावं, एवढा साधा हिशेब होता.

या भागावर दोन्ही बाजूंना दोन उपकरणं बसवलेली दिसतील. एक संगमरवरी पाटी, तिच्यावर सावलीनं वाचायच्या रेघा. दुसरं एकमेकांत अडकवलेल्या धातूच्या कड्यांचं. ती १५७२ आणि १५७४ मध्ये इन्यात्सियो दांती या डोमिनिकन संन्याशानं बसवली. सूर्य नेमका कोणत्या दिवशी विषुववृत्त ओलांडतो ते मोजण्यासाठी. ज्युलियन कॅलेंडर तोवर इतकं घसरलं होतं, की २१ मार्चचा वसंतसंपात ११ मार्चला यायला लागला होता. दांती पुढे पोपनं नेमलेल्या कॅलेंडर-सुधारणेच्या समितीत गेला. १५८२ मध्ये इटलीत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. आज भिंतीवर लावतो त्या कॅलेंडरचा एक धागा या दर्शनी भागापर्यंत पोचतो.

आणि याच चर्चमध्ये आत, डाव्या हाताच्या एका खांबाला लागून संगमरवरी व्यासपीठ आहे. आराखडा वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा. डिसेंबर १६१४ मध्ये तोम्मासो काच्चिनी या डोमिनिकन संन्याशानं या व्यासपीठावरून गॅलिलिओवर आणि गणितज्ञांवर कडाडून टीका केली. गॅलिलिओविरुद्धच्या प्रकरणाला त्यानं तोंड फोडलं. एकाच पंथाचे दोन संन्यासी, मध्ये चाळीस वर्षं. एक चर्चच्या भिंतीवर सूर्य मोजतो, दुसरा सूर्याबद्दल बोलणाऱ्याला आतून झोडपतो. ‘चर्च विरुद्ध विज्ञान’ असं सरळसोट चित्र डोक्यात घेऊन आलेल्या माणसानं या दोन जागा एकापाठोपाठ पाहाव्यात.

सावकारांनी भिंती का विकत घेतल्या?

आत शिरल्यावर आधी चित्रांकडे जाऊ नका. मधल्या दालनात उभे राहून वेदीकडे बघा. खांब जसजसे वेदीजवळ जातात तसतशी त्यांच्यातली अंतरं कमी होत जातात. त्यामुळे मुळातच सुमारे शंभर मीटर लांबीचं चर्च आणखी लांब भासतं.

तुम्हाला आज सरळ वेदीपर्यंत दिसतं, तसं पूर्वी दिसत नव्हतं. दालनाच्या मधोमध एक आडवी भिंत होती. पलीकडे संन्यासी, अलीकडे सामान्य माणसं. १५६५ च्या सुमारास शहराचा सत्ताधीश ड्यूक कोसिमो याच्या हुकमावरून चित्रकार-वास्तुकार जॉर्जो वासारीनं ती पाडली. इथली सगळी जुनी चित्रं त्या भिंतीच्या हिशेबानं काढलेली आहेत, हे लक्षात ठेवलं की त्यांच्या जागांचा अर्थ लागायला लागतो.

दालनाच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना लहान लहान कोनाड्यांसारख्या खोल्या आहेत. ही चॅपेलं. यांच्यावर एकेका घराण्याचा हक्क असायचा. घराण्यानं चॅपेल सजवायचं, वेदीचा खर्च उचलायचा, कायमचा निधी ठेवायचा. बदल्यात घरातल्या माणसांना तिथे पुरलं जायचं आणि त्यांच्या आत्म्यासाठी तिथे वर्षानुवर्षं मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, म्हटली जायची. मेल्यानंतर आत्मा शुद्धीच्या अवस्थेत अडकतो आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेनं तो लवकर सुटतो, ही श्रद्धा या सगळ्याच्या मुळाशी होती. त्यात फ्लॉरेन्सच्या बँकवाल्यांना वेगळी टोचणी होती. कर्जावर व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप होतं, आणि त्यांची श्रीमंती तर त्यावरच उभी. चित्रांवरचा खर्च हा पुष्कळदा या टोचणीचा खर्च होता. त्याच वेळी शेजारच्या घराण्यापेक्षा आपलं चॅपेल सरस दिसावं ही ईर्ष्याही होती. एकाच माणसाच्या मनात हे दोन्ही खरेपणानं नांदत होतं, आणि मला तरी प्रबोधनकाळ समजून घ्यायचा हाच सगळ्यात सरळ रस्ता वाटतो.

जोत्तोचा क्रूस आणि मासाच्चोची भिंत

दालनाच्या मधोमध, वर, रंगवलेला एक प्रचंड लाकडी क्रूस टांगलाय. उंची साडेपाच मीटरच्या वर. हा जोत्तोचा, १२९० च्या आसपासचा. त्याआधीच्या क्रूसांवर येशूचं शरीर धनुष्यासारख्या ठरावीक वळणात रंगवायचे. इथे शरीराला वजन आहे. हात ताणले गेलेत, पोट पुढे आलंय, गुडघे वाकलेत, डोकं छातीवर पडलंय. पायांत दोन खिळ्यांऐवजी एकच खिळा, त्यामुळे पाय एकमेकांवर चढलेत. मेलेलं माणूस असंच लोंबतं. हे कुणीतरी नीट पाहून काढलंय हे सातशे वर्षांनंतरही जाणवतं. १३१२ मध्ये एका भाविकानं मृत्युपत्रात या क्रूसासमोर दिवा तेवत राहावा म्हणून तेलाची तरतूद केली आणि त्यात जोत्तोचं नाव लिहवून ठेवलं. मृत्युपत्रात चित्रकाराचं नाव घ्यावंसं वाटणं ही त्या काळी नवी गोष्ट होती.

आता डाव्या बाजूच्या भिंतीकडे या. इथे थांबा, आणि घाई करू नका. मासाच्चोचं ‘पवित्र त्रैक्य’ १४२५ ते १४२८ च्या दरम्यानचं. मासाच्चो तेव्हा पंचविशीत होता. सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास तो रोममध्ये वारला. हातून झालेली कामं थोडीच, पण त्याच्यानंतरच्या प्रत्येक चित्रकाराला त्याच्याशी हिशेब चुकता करावा लागला.

भिंत सपाट आहे. तिच्यावर रंगवलंय एक खोल चॅपेल. वर अर्धगोल कमानीचं छत, त्यात चौकोनी खण, आणि ते आत आत लहान होत जातात. त्यात क्रूसावर येशू, मागे उभा राहून क्रूस पेलणारा पिता, दोघांच्या मध्ये पांढऱ्या कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा. क्रूसाखाली येशूची आई मरिया आणि शिष्य योहान. त्यांच्या पुढे, कमानीच्या बाहेर, गुडघे टेकलेलं एक जोडपं. पैसे देणारे तेच.

हा खोलपणा आला कसा? नियम साधा आहे. आपल्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात एका बिंदूकडे धावतात. त्याला लोपबिंदू म्हणतात. हा बिंदू नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. ब्रुनेलेस्कीनं थोड्याच वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समध्येच हे प्रयोगानं दाखवून दिलं होतं. मासाच्चोनं तो बिंदू क्रूसाच्या पायथ्याशी, जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरवर ठेवला. म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. छताच्या सगळ्या रेषा तुमच्याकडे, तुमच्या डोळ्यांकडे येतात. म्हणून छत तुम्हाला खालून दिसतं आणि चित्राच्या तळाशी रंगवलेली कबर वरून. एखादं पाऊल पुढेमागे होऊन बघा. एका ठराविक अंतरावर रंगवलेले खांब एकदम उभे राहतात आणि भिंत उघडते. जवळ जायला मिळालं तर गिलाव्यात ओरखडलेल्या रेघा दिसतात. गवंडी सूत मारतात तशी दोरी ताणून त्या आखल्या आहेत. रंगांच्या आधी तिथे भूमिती होती.

पण हे सगळं करून त्यानं काय साधलं? चित्रातली मरिया बघा. ती येशूकडे बघत नाही. ती थेट तुमच्याकडे बघते आणि उजव्या हातानं मुलाकडे बोट करते. चेहरा प्रौढ बाईचा, सुंदर वगैरे काही नाही. तिच्या नजरेनं तुम्ही चित्रात ओढले जाता. आणि मग नजर खाली घसरते, तर शवपेटीवर एक हाडांचा सांगाडा. त्याच्या वर इटालियनमध्ये लिहिलंय : मी होतो तसे तुम्ही आहात, मी आहे तसे तुम्ही व्हाल. खाली मरण, मध्ये गुडघे टेकलेली माणसं, वर तारण. मोजमाप इतकं काटेकोर का, ते इथे कळतं. वरची आशा ही खालच्या सांगाड्याइतकीच खरी वाटायला हवी होती.

या भिंतीचा इतिहासही विलक्षण आहे. १५७० मध्ये वासारीनं याच चित्रासमोर दगडी वेदी उभारली आणि चित्र झाकलं गेलं. हाच वासारी, ज्यानं स्वतः लिहिलं होतं की या छताकडे पाहून भिंतीला भगदाड पडल्यासारखं वाटतं. त्यानं चित्र नष्ट केलं नाही, मागे तसंच राहू दिलं. जवळजवळ तीनशे वर्षं ते कुणी पाहिलं नाही. १८६० च्या सुमारास वेदी काढली, चित्र सापडलं, आणि मग ते भिंतीवरून सोलून दाराच्या बाजूला नेऊन लावलं. सांगाडा मात्र मूळ जागीच दडून राहिला. तो १९५१ मध्ये मिळाला, आणि पुढच्या वर्षी वरचा भाग परत आणून दोन्ही जोडले. आज जे नुकसान दिसतं ते बरंचसं या हलवाहलवीचं आहे. चित्र जागेवरून हललं की काय जातं, हे याहून स्पष्ट कुठेच दिसणार नाही : नव्वद वर्षं लोकांनी हे चित्र पाहिलं, पण मरणाशिवाय पाहिलं.

ओला गिलावा, एक दिवस

पुढे जाण्याआधी फ्रेस्को म्हणजे काय ते समजून घेऊ. विझवलेला चुना आणि वाळू यांचा गिलावा भिंतीवर लावायचा. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. रंगाचे कण त्या दगडातच अडकतात. रंग भिंतीवर राहत नाही, भिंतीत जातो. म्हणून तो टिकतो.

अट एकच. गिलावा वाळायच्या आत काम संपलं पाहिजे. त्यामुळे एका दिवसात रंगवता येईल तेवढाच तुकडा रोज सकाळी लिंपायचा. चेहऱ्याला एक दिवस, निळ्या आकाशाच्या मोठ्या पट्ट्यालाही एकच दिवस. तिरप्या उजेडात या तुकड्यांचे सांधे दिसतात, आणि चित्रकार किती दिवस परांचीवर होता ते मोजता येतं. चूक झाली तर गिलावा खरवडून पुन्हा सुरुवात. मूळ आराखडा कागदावर मोठा काढून, रेषांवर टाचणीनं भोकं पाडून, वरून कोळशाची पूड आपटायची. रांगोळीचा छापा उठवतात तसंच.

अजिंठ्याची चित्रं पाहिलेल्यांना इथे फरक जाणवेल. अजिंठ्यात माती, तूस, वनस्पतींचे धागे यांचा गिलावा आहे, वर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तिथे चित्रकाराला घाई नव्हती, पण रंग थरासारखा वर बसला आणि थरासारखा सुटतोही. फ्रेस्कोतही काही रंग चुन्याला सोसत नाहीत. निळा हा त्यातला मुख्य. तो वाळल्यावर वरून द्यावा लागायचा, म्हणून इटलीतल्या पुष्कळ चर्चमध्ये मरियेचा निळा झगा गळून गेलेला दिसतो. सगळ्यात उंची निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. अजिंठ्याच्या निळ्यातही तोच लाजवर्द सापडला आहे.

तोर्नाबुओनींच्या घरातलं बाळंतपण

मुख्य वेदीमागचं चॅपेल १४८५ ते १४९० या काळात दोमेनिको घिर्लांदायो आणि त्याच्या भावांच्या कार्यशाळेनं रंगवलं. पैसे जोव्हान्नी तोर्नाबुओनीचे. हा मेदिची बँकेच्या रोम शाखेचा प्रमुख आणि शहराची सूत्रं हाती असलेल्या लोरेन्झो मेदिचीचा मामा. सप्टेंबर १४८५ मध्ये रीतसर करार झाला : कुठले प्रसंग, कुठल्या क्रमानं, आधी रेखाटन दाखवून मालकाची संमती घ्यायची. मोबदला ११०० सोन्याचे फ्लोरिन. प्रतिभा होतीच, पण कागदपत्रंही पक्की होती.

एका भिंतीवर मरियेचं आयुष्य, दुसऱ्यावर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. मरियेच्या जन्माचा प्रसंग डावीकडे, खालच्या बाजूला आहे. तो निवांत बघा. खोली पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सची आहे, लाकडी जडावकामाच्या भिंतींची. वर गाणाऱ्या-बागडणाऱ्या बालकांची पट्टी. पलंगावर मरियेची आई अन्ना कोपरावर रेलून उठते आहे. खाली दाई बाळाला घेऊन बसली आहे, आणि एक मोलकरीण न्हाऊ घालायला भांड्यात पाणी ओतते आहे. तिचं वस्त्र वाऱ्यावर फुगल्यासारखं आहे, खोलीत वारा नसताना. ही प्राचीन रोमन शिल्पातली लकब. मध्ये उंची जरीच्या झग्यात, ताठ, हात पुढे घेऊन उभी असलेली मुलगी म्हणजे मालकाची लेक लुदोव्हिका. मागे चार बायका. बाळंतिणीला भेटायला आलेल्या पाहुण्या. मागच्या लाकडी भिंतीवर चित्रकारानं आपल्या घराण्याचं नाव, बिगोर्दी, आणि आपलं प्रचलित नाव घालून ठेवलंय.

मरियेचा जन्म जणू तोर्नाबुओनींच्या माडीवर झाला, असं हे चित्र म्हणतं. आपल्याला हे दिखाऊ वाटेल. पण समोरच्या भाविकाच्या बाजूनं बघा. पवित्र गोष्ट दूर कुठेतरी घडली नाही, ती आपल्या गल्लीत, आपल्या ओळखीच्या बायकांच्या देखत घडली. प्रार्थनेला एवढी जवळीक लागते.

समोरच्या भिंतीवर मरिया आणि योहानाची आई अलीशिबा यांच्या भेटीचा प्रसंग आहे. त्यात उजवीकडे सोनेरी झग्यातली एक तरुणी बाजूनं दिसते, मान ताठ, केस नीट बांधलेले. ही जोव्हान्ना, मालकाची सून. १४८८ मध्ये, परांची अजून उभी असतानाच, ती गरोदरपणात वारली. वय जेमतेम एकोणीस होतं. दोन गरोदर बायकांच्या भेटीच्या चित्रात तिला उभं केलंय. हे कळल्यानंतर ते चित्र पहिल्यासारखं दिसत नाही.

त्याच भिंतीवर, शेजारच्या जखऱ्याच्या (योहानाच्या वडिलांच्या) प्रसंगात एका कमानीवर लॅटिन मजकूर आहे : सन १४९०, जेव्हा हे अतिसुंदर नगर संपत्ती, विजय, कला आणि इमारती यांनी नावाजलेलं, समृद्धीत, आरोग्यात आणि शांततेत होतं. चारच वर्षांनी मेदिची शहरातून हाकलले गेले. १४९७ मध्ये जोव्हान्नाचा नवरा लोरेन्झो तोर्नाबुओनी याचा कटाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला.

याच काळात, १४८८ मध्ये, घिर्लांदायोच्या कार्यशाळेत तेरा वर्षांचा मायकेलअँजेलो उमेदवारीला लागला. फ्रेस्कोचं काम त्यानं जवळून पाहिलं ते इथल्या लोकांच्या हाताखाली.

वेळ उरला तर

वेदीच्या उजवीकडच्या स्त्रोझ्झी चॅपेलात फिलिप्पीनो लिप्पीची चित्रं आहेत, १५०२ मध्ये पुरी झालेली. घिर्लांदायोच्या शांत खोल्यांतून इथे आलं की धक्का बसतो. रोमन शस्त्रं, मुखवटे, विचित्र अलंकार, घाबरलेले चेहरे. मला व्यक्तिशः हे फार गजबजलेलं वाटतं, पण शतक संपताना चित्रकारांना नुसत्या सुसंवादाचा कंटाळा आला होता हे त्यातून दिसतं. डाव्या टोकाला, पायऱ्या चढून, नार्दो दी चोनेनं चौदाव्या शतकात रंगवलेला नरक आहे, दांतेच्या काव्यातल्या रचनेप्रमाणे. उंचावर आहे, दुर्बीण असली तर काढा.

शेजारच्या आवारात स्पॅनिश चॅपेल आहे. आंद्रेआ दी बोनायुतोनं १३६५ ते १३६७ मध्ये ते रंगवलं. त्यात डोमिनिकन संन्याशांच्या झग्यासारखे काळे-पांढरे कुत्रे मेंढरांची राखण करताना दिसतात. मागे फ्लॉरेन्सचा ड्युओमो आहे, घुमटासकट. खरा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला, म्हणजे चित्रात तो सत्तर वर्षं आधी! लागूनच असलेल्या हिरव्या अंगणात पाओलो उच्चेल्लोनं हिरवट मातीच्या रंगानं नोहाच्या काळचा महापूर रंगवला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीला पूर आला तेव्हा या आवारातही पाणी शिरलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. प्रवेशाला तिकीट आहे, आणि त्यात अंगणं आणि संग्रहालयही येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. रविवारी आणि सणाच्या दिवशी सकाळी उपासना असते, पर्यटकांना दुपारी सोडतात. सगळं पाहायचा हट्ट धरू नका. मासाच्चोसमोर वीस मिनिटं आणि घिर्लांदायोसमोर तीस, एवढं केलंत तरी तिकीट वसूल.

फ्लॉरेन्सशी आपलं नातं पर्यटकापुरतंच नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला याच शहरात वारले, विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे, काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे.

आणि ज्यांना इटलीला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी : जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेविअरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्समध्ये घडलाय. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली. त्याच्या बदल्यात त्यानं जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराकडून हे काम करवून घेतलं आणि जहाजानं गोव्याला धाडलं. १६९८ मध्ये ते तिथे जोडलं गेलं. काळ प्रबोधनाच्या पुढचा, शैली बरोक. वरची चांदीची पेटी त्याआधीची, १६३६-३७ ची, गोव्याच्या कारागिरांच्या हातची. पैसे कुणी दिले, समोर कोण उभं राहणार, इथे काय चालतं, हे तिन्ही प्रश्न तिथेही विचारा. पाहताना फक्त समोर थांबू नका. संताच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे ब्राँझचे चार पट चौथऱ्याच्या चारही बाजूंना बसवलेले आहेत, आणि समोरून त्यातला एकच दिसतो.